रस्त्याच्या मधून

“गादी ओढू नका हो, फाटेल! उचला, उचला!” टेम्पोत उभ्या राहून बाई ओरडल्या. टेम्पोवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तेव्हा बाह्या सरसावून त्या स्वतःच खाली उतरल्या. सत्तरी ओलांडलेली बाई गादीचं एक टोक धरून उभी राहिल्यावर त्याला दुसरं टोक धरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

प्रार्थनामंदिराच्या मागच्या दोन खोल्या, ही त्यांची नवी जागा. दार उघडलं की लागत नव्हतं आणि लावलं की उघडत नव्हतं. गाव सिमेंटच्या कारखान्याचं. झाडं, पत्रे, खिडक्यांच्या चौकटी, रस्त्यावरची कुत्री, सगळ्यांवर एकाच रंगाची राखाडी साय धरलेली. नाताळ तोंडावर आला होता. प्रार्थनामंदिराच्या दारावर कागदी तारा टांगला होता, त्याच्याही दोन टोकांनी गावाचा रंग घेतला होता.

कारभारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन अंगणात उभा होता. पोटापाण्याला त्याचं रंगाचं दुकान, आणि त्याखेरीज मंडळीचा सगळा कारभार त्याच्याकडे. दिवे, बाकं, हिशेब, भांडणं, सगळं तोच बघायचा. पूर्वीचे दोन्ही पाळक गाव सोडून गेले, तेव्हापासून मंदिर उघडं राहिलं ते याच्याच जिवावर, असं तो स्वतः म्हणत नसे, पण ऐकणाऱ्याला ते कळेल इतपत सांगत असे.

“पाळकीणबाई, एक आधीच सांगून ठेवतो,” तो म्हणाला. “उपासनेची फुलं तुम्ही लावायची. बायकांची बाकं डावीकडे. आणि उपासनेत बायका बोलत नाहीत. गातात फक्त.”

“आणि गाता येत नसेल तर?”

कारभाऱ्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. “तर... ओठ हलवायचे.”

“ते मला जमायचं नाही. आणि मला पाळकीण म्हणू नका. पाळकीण हा काही धंदा नव्हे. मी जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. पाळक हे आहेत.”

हे, म्हणजे पाळक, टेम्पोवाल्याशी बोलत उभे होते. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा भांग नीट पाडलेला, काळ्या कोटाची सगळी बटणं लावलेली. टेम्पोवाल्याच्या धाकट्या मुलीला दम्याचा त्रास आहे हे त्यांनी एवढ्यात काढून घेतलं होतं, आणि तो आडमुठा माणूस आता आपण होऊन खुर्च्या उतरवत होता. कारभाऱ्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा जरासा सैल झाला. “माणसं जोडणारा दिसतोय बुवा,” तो पुटपुटला.

शेवटची पेटी आत गेली. पाळक शांतपणे टेम्पोच्या पुढच्या भागात चढले आणि सीटवर जाऊन बसले.

“अगं, चल ना,” ते म्हणाले. “घरी जायला उशीर होतोय.”

बाई लगबगीने त्या बाजूला गेल्या आणि कारभारी मध्ये यायच्या आत दारात उभ्या राहिल्या. “अहो, इथेच राहायचंय. उतरा. चहा टाकते.” मग मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, “प्रवासाने थकलेत हो. कंबर धरते त्यांची!”

कमरेचं खरं असतं तर किती बरं झालं असतं!

* * *

दोघं मिशनची माणसं. लग्न झाल्यापासून मिशन जिथे पाठवील तिथे गेलेली. डोंगरातल्या वस्त्या, नदीकाठची बाजाराची गावं, खाणींचे मुलुख. ते उपदेश करायचे, त्या जखमा बांधायच्या. “तुमचं काम आधी करायचं की माझं?” यावर त्यांची जन्मभर थट्टा चालायची. पाळक म्हणायचे, आत्मा आधी. बाई म्हणायच्या, ठणकतंय ते आधी. आणि नव्या गावात गेलं की दरवेळी आधी दवाखाना उघडायचा आणि मग प्रार्थनामंदिर, हे पाळकांनी कधी कबूल केलं नाही तरी कधी बदललंही नाही.

मग पाळक विसरू लागले. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, गुरुवार. पुढे माणसं. एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्यांनी बाईंकडे बघून अदबीने विचारलं, “आपण साखर घेता का?”

जन्मात त्यांनी बाईंना ‘आपण’ म्हटलं नव्हतं. बाईंच्या हातातला चमचा तिथेच राहिला. थोड्या वेळाने “अगं, माझे मोजे कुठे आहेत?” अशी हाक आली, आणि मोज्यांसाठी आलेल्या त्या हाकेने त्यांना इतका आनंद झाला की त्या मोरीत जाऊन रडल्या.

डॉक्टरने सांगितलं ते बाईंना आधीच माहीत होतं. लेक फोनवर म्हणाली, “आई, इकडे या. मागची खोली रिकामी आहे. बाबांना कुठे बाहेर जायची गरजच पडणार नाही.” लेक मायेनेच म्हणत होती. पण बाईंना ते वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं. बाहेर जायची गरजच पडणार नाही! ज्या माणसाला दिवसातून पाच अनोळखी माणसांशी बोलल्याशिवाय जेवण पचत नाही, त्याला मागची खोली?

मिशनच्या मुख्य कचेरीला काहीच ठाऊक नव्हतं. कचेरीतला मोठा अधिकारी म्हणाला, “आता विसावा घ्या. विश्रामगृहात जागा आहे.” बाई त्याच्यासमोर खुर्चीत हटून बसल्या. “अजून एक गाव द्या,” त्या म्हणाल्या. “कुणी जात नाही असं द्या.” असं गाव होतं. तिथे जायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे कुणी फार चौकशीही केली नाही. बाईंनीही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

* * *

गावात त्यांनी बस्तान बसवलं ते बाईंच्या पद्धतीने. आधी दाराला रंधा मारवून घेतला. मग खिडक्या पुसल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसल्या, आणि तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या धुराड्याकडे बघून म्हणाल्या, “बरं, तू जिंकलास.” भांड्यांच्या फळीवर, मोरीच्या दारावर, कपाटावर त्यांनी खडूने काय कुठे आहे ते लिहून ठेवलं. कारभाऱ्याने विचारलं, तर म्हणाल्या, “नवं घर आहे. मलाच सापडत नाही.”

पाळक सकाळी कोट घालून बाहेर पडायचे. बाई बरोबर असायच्याच. कारखान्याच्या फाटकावर, पाण्याच्या टाकीपाशी, न्हाव्याच्या दुकानात, जिथे माणूस दिसेल तिथे पाळक थांबायचे. नावं त्यांच्या लक्षात राहत नव्हती. पण समोरच्याचं दुखणं मात्र त्यांना बोलता बोलता सापडायचं आणि ते हातात हात घेऊन ऐकत राहायचे. मंदिरात कित्येक वर्षांत पाऊल न टाकलेला खाणीतला म्हातारा न्हाव्याला म्हणाला, “हा पाळक उपदेश करत नाही रे. ऐकतो.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात नाताळच्या उपदेशाची तयारी चालायची. कागदावर लिहून काही उपयोग नव्हता. पाळक तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. आठवून बोलायला लागले तर चार वाक्यांनंतर सुताचा गुंडा हातातून निसटून टेबलाखाली जावा तसं व्हायचं. ते थांबायचे. ओठ हलायचे. आणि डोळ्यांत ती भीती यायची. बाईंना सगळ्यात असह्य व्हायची ती हीच.

एकदा बटाटे सोलता सोलता बाईंनी सहज विचारलं, “अहो, पण ती दोघं त्या गावात पोचली तेव्हा त्यांना कुणीच कसं घरात घेतलं नाही?”

पाळकांनी मान वर केली. आणि बोलायला लागले. सरळ, स्वच्छ, पूर्वीसारखे. थांबले की बाई पुढचा प्रश्न टाकायच्या. “मग तो काय म्हणाला?” “मग तिने काय केलं?” प्रश्नाचं टोक हातात दिलं की पाळक तो धागा धरून पार शेवटापर्यंत जायचे. बाईंनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. पायाने अधू माणसाला काठी देतात, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, त्या स्वतःशी म्हणाल्या. फक्त मंदिरात ही काठी कशी द्यायची ते त्यांना कळत नव्हतं. उपदेश छोटा ठेवू, बाकी देव बघून घेईल, असं त्यांनी ठरवलं. देवावर इतका भार टाकायची त्यांना सवय नव्हती.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंचा डोळा लागला. उठून बघतात तर दार सताड उघडं. रंधा मारलेलं दार, आता ते बिनआवाज उघडत होतं.

त्या चपला न घालता रस्त्यावर आल्या. समोरच्या बेकरीवालीने लांबूनच हात केला. “इकडे आहेत! माझ्या भट्टीपाशी बसलेत!”

बेकरीवाली म्हणजे एक आडवी, खणखणीत बाई. नवरा गेल्यापासून एकटीने बेकरी चालवणारी. पाळक पिठाच्या पोत्यावर बसून पाव खात होते. “या बाई कोण?” बाईंना बघून त्यांनी बेकरीवालीला विचारलं, “या आपल्या बहीण का?”

बेकरीवालीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“कधीपासून?” बेकरीवालीने हळू आवाजात विचारलं.

“झाले दिवस.”

“कारभाऱ्याला ठाऊक आहे?”

“नाही. एकदा सांगितलं, की लोकांच्या लेखी हे माणूस राहणार नाहीत, नुसतं दुखणं होऊन जातील. मग खोली, खाट, आणि येणारा-जाणारा यांच्यादेखत मला विचारणार, ‘आज कसे आहेत?’ मी हे जन्मभर दवाखान्यात पाहिलंय.” बाईंचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेलं, वर मळकी चिंधी. “हे काय? कोणी बांधलं हे?”

“मीच. भट्टीचं काम, चालायचंच.”

“चालायचंच काय! सडेल उद्या. पाणी उकळा.” बाईंनी तिथेच बसून जखम धुतली, साफ केली, स्वच्छ कापडाने बांधली. हात कामाला लागले तसा त्यांचा श्वास जागेवर आला. पाळक कौतुकाने बघत होते.

“हिचा हात फार हलका आहे,” ते म्हणाले. “म्हणून तर मी हिच्याशी लग्न केलं.”

बेकरीवाली हसता हसता तोंड फिरवून भट्टीकडे गेली. परत आली तेव्हा म्हणाली, “मी काही तुमच्या मंडळीतली नाही. मला धर्म नाही, भट्टी आहे. पण उद्या येईन. मागच्या बाकावर बसेन.”

* * *

नाताळच्या सकाळी मंदिर भरलं. कारभाऱ्याने जास्तीची बाकं मागवली होती आणि ती लागली, म्हणून तो खुशीत होता. खाणीतला म्हातारा चक्क पहिल्या बाकावर येऊन बसला होता. बाई डावीकडे, तिसऱ्या ओळीत. फुलं त्यांनी लावली होती, पण फुलदाण्यांत नाही. प्रत्येक बाकाच्या टोकाला एकेक बांधली होती. कारभाऱ्याला ते आवडलं नव्हतं.

पाळक उभे राहिले. आवाज तोच, भारदस्त आणि ऊबदार. प्रार्थना निर्विघ्न झाली, ती तोंडपाठच होती. मग उपदेश सुरू झाला. “मुलीचे दिवस भरले होते,” ते म्हणाले. “लांबचा प्रवास झाला होता. गाव नवं होतं. आणि त्या गावात...”

ते थांबले.

आधी लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलेत. मग कुणीतरी खोकलं. पाळकांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. त्यांची बोटं कोटाच्या बटणावर चाचपडू लागली. कारभारी अर्धवट उठला, पेटीवाल्याला खूण करू लागला. गाणं सुरू करून वेळ मारून न्यायची, एवढाच त्याचा बेत होता. त्यात वाईट काही नव्हतं. पण बाईंना पाळकांच्या डोळ्यांतली ती भीती दिसली.

त्या उभ्या राहिल्या.

“त्या गावात त्यांना कुणीच कसं घरात घेतलं नाही?” त्यांनी विचारलं. अगदी स्वयंपाकघरातल्या आवाजात.

सगळी मंडळी वळून बघायला लागली. कारभाऱ्याने हातानेच ‘बसा, बसा’ केलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पाळकांची मान वर झाली. “घरमालक वाईट नव्हता,” ते म्हणाले. “आपण उगाच त्याला बोल लावतो. त्याचं घर भरलेलं होतं. आणि भरलेल्या घरात दारावरची थाप ऐकू येत नाही.”

“मग काय केलं त्यांनी?”

“दुसरं दार वाजवलं. काय करणार? बाळ काही थांबत नव्हतं.” कोणीतरी हसलं. पाळकही हसले. “तुम्ही आम्ही म्हणतो, देवाने जागा निवडली. मला नाही तसं वाटत. जागा मिळाली नाही, आणि तो तरीही आला. हीच तर सगळी गोष्ट आहे. नको असलेल्या ठिकाणी येऊन राहायला धाडस लागतं.”

पाळकांनी बाईंकडे बघून मान लववली.

“फार चांगले प्रश्न विचारता आपण,” ते म्हणाले. “आपण नवीन दिसता. कुठून आलात?”

लोक खळखळून हसले. पाळक बायकोची थट्टा करताहेत! डावीकडच्या बायका तर तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. बाईंच्या लक्षात आलं, सुटका आयती चालून आली आहे. हसायचं, खाली बसायचं, पेटीवाला गाणं सुरू करील. झाकली मूठ तशीच राहील.

पण पाळक हसत नव्हते. ते उत्तराची वाट बघत होते. लोक का हसताहेत ते त्यांना समजत नव्हतं, आणि इतक्या हसणाऱ्या तोंडांत ते एकटे पडले होते.

“हसू नका,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या बाकापर्यंत गेला. “थट्टा नाही ही. मी यांची बायको आहे, आणि आत्ता यांना ते आठवत नाहीये. थोड्या वेळाने आठवेल, कदाचित नाहीही आठवणार. आजार आहे तो. पण हे काय सांगत होते ते यांना ठाऊक आहे आणि तुम्ही ते ऐकत होतात. पुढचं ऐकायचंय का?”

कारभाऱ्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

“ऐकायचंय,” पहिल्या बाकावरून खाणीतला म्हातारा म्हणाला. मग पाळकांकडे वळून, जरा ओरडूनच, कारण त्याला स्वतःला कमी ऐकू यायचं, “साहेब, मग बाळाला कशात गुंडाळलं? थंडी असेल ना?”

“होती तर!” पाळक म्हणाले. आणि बोलू लागले.

त्यानंतर प्रश्न कुणीकुणी विचारले त्याची गणती राहिली नाही. मागच्या बाकावरून बेकरीवालीनेही एक विचारला. बायकांनी विचारले. उपासना लांबली, उन्हं मंदिरात शिरली. शेवटचा आशीर्वाद पाळकांनी हात उंचावून दिला तेव्हा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

* * *

दुपारी कारभारी आला. दाराशीच उभा राहिला, बसायला सांगूनही बसला नाही.

“तुम्ही आम्हाला फसवलंत.”

“हो,” बाई म्हणाल्या.

तो नाकबुली ऐकायच्या तयारीने आला होता. “म्हणजे... कबूल करता?”

“खोटं रेटायला अंगात ताकद लागते, ती मी दुसरीकडे वापरते. कचेरीला सांगितलं असतं तर त्यांनी आम्हाला पाठवलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. सरळ आहे.”

“यातून मिळालं काय तुम्हाला?”

“एक नाताळ मिळाला.”

कारभाऱ्याने किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “उद्या लग्नं लागतील, मयतं होतील. कुणाचं नाव कुणाला लावतील हे? मंडळी कशीबशी उभी आहे. लोक हसतील आम्हाला. मला कचेरीला फोन करावाच लागेल.”

“करा. ते तुमचं काम आहे. लग्नाचं तुमचं म्हणणं मला पटतं. आजचं मात्र पटत नाही. आज कुणाचं काय बिघडलं?”

तो एकदम म्हणाला, “अशा गोष्टी घरातल्या घरात ठेवायच्या असतात हो! माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. आम्ही मागच्या खोलीत ठेवलं त्यांना. वेळेवर जेवण, स्वच्छ कपडे, काही कमी पडू दिलं नाही. शेवटपर्यंत गावात कुणाला कळलं नाही.” शेवटचं वाक्य तो मान ताठ करून बोलला.

बाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे केला. “आणि ते बोलायचे कुणाशी?”

आतल्या खोलीतून पाळकांचा आवाज आला, “अगं, कोण आलंय? आत बोलाव ना त्यांना!” चहाला हात न लावता कारभारी निघून गेला.

कचेरीचा निरोप यायला वेळ लागला नाही. मोठ्या अधिकाऱ्याने स्वतः फोन केला. तो रागावलेला नव्हता, त्यामुळे बोलणं जास्तच अवघड झालं. पाळकांना सेवेतून मोकळं केलं आहे. खोल्या नव्या पाळकासाठी रिकाम्या कराव्यात. विश्रामगृहात खोली तयार आहे, खिडकी बागेकडे उघडते.

“बागेत कोण असतं?” बाईंनी विचारलं.

“कोण म्हणजे? झाडं आहेत. फार शांत जागा आहे.”

“शांतता यांना मेल्यावर पुष्कळ मिळेल. पद तुमचं होतं, ते घ्या. खोल्याही घ्या. पण गाव काही तुमच्या कचेरीच्या मालकीचं नाही.”

लेकीचा फोन त्याच संध्याकाळी. “आई, आता तरी हट्ट सोड. हे असं किती दिवस करणार आहेस तू?”

“जमेल तितके. मग तुझ्याकडेच येऊ, दुसरं कोण आहे आम्हाला? पण तोवर त्यांना चार माणसांत राहू दे.” पलीकडे लेक रडत होती. पण बाईंनी शब्द बदलला नाही.

फोन ठेवून त्या थेट बेकरीत गेल्या. बेकरीवाली पाव मोजून टोपल्यांत भरत होती. तिने मान वर न करताच बोटाने बाजूची खोली दाखवली. “पोती हलवलीत. झाडून घेतलंय. भट्टीची भिंत लागून आहे, थंडी वाजायची नाही. भाड्याचं बोलू नका, हाताची पट्टी बदलायची राहिलीय अजून.”

* * *

“मागच्या गल्लीने न्या सामान,” आदल्या दिवशी कारभारी सांगून गेला होता. “उगाच लोक बघत बसतात. पाळकसाहेबांनाच कसंतरी वाटेल.”

बाईंनी रविवारची सकाळ निवडली. उपासना संपून लोक बाहेर पडायच्या सुमारास त्यांनी बेकरीची हातगाडी अंगणातून काढली आणि पुढच्या फाटकाने मोठ्या रस्त्यावर आणली. गादी, दोन पेट्या, खुर्च्या, वर उलट्या ठेवलेल्या बादल्या. गाडी बेकरीवाली ओढत होती, बाई मागून ढकलत होत्या. पाळकांना त्यांनी सकाळी दाढी करून, काळा कोट घालून, भांग पाडून दिला होता. ते सगळ्यांच्या पुढे चालत होते.

“कडेने घेऊ का?” बेकरीवालीने विचारलं.

“नाही. मधून.”

लोक पायऱ्यांवर थबकले. पाळक मात्र नव्या गावात पहिल्यांदा पाऊल ठेवताना चालायचे तसेच चालत होते, दोन्हीकडे बघत, मान लववत. “नमस्कार. बरे आहात ना?” खाणीतला म्हातारा पायऱ्या उतरून आला. पाळकांनी त्याचा हात हातात घेतला. ओळख नव्हतीच, पण हात सोडला नाही. “गुडघे दुखतात वाटतं?” ते म्हणाले. म्हाताऱ्याने नुसती मान डोलावली. मग न्हावी आला. मग डावीकडच्या बाकांवरच्या दोघी-तिघी आल्या. एकीने खुर्ची गाडीवरून उचलून डोक्यावर घेतली, दुसरीने बादल्या.

तेवढ्यात कारखान्याकडून सिमेंटचा ट्रक आला आणि भोंगा वाजवू लागला. बेकरीवाली गाडी कडेला घ्यायला वळली. बाईंनी गाडीच्या मागच्या दांड्याला घट्ट धरलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. पाळक रस्त्याच्या मधोमध म्हाताऱ्याशी बोलत होते. ट्रकवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला, लांबलचक.

कारभारी मंदिराच्या दारात उभा होता. कुलूप लावायचं अर्धवट राहिलं होतं. त्याने किल्ल्या खिशात टाकल्या, पायऱ्या उतरला, आणि कुणाकडेही न बघता ट्रकच्या समोर जाऊन हात आडवा करून उभा राहिला.

“अहो, बाजूला व्हा! किती वेळ?” ट्रकवाला ओरडला.

“लागेल तितका,” कारभारी म्हणाला.

पाळकांचं बोलणं संपलं तेव्हा ते निघाले, त्यांच्याच चालीने. त्यांच्या मागे हातगाडी, गाडीमागे बाई, आणि खुर्च्या-बादल्या घेतलेल्या बायका. बेकरीच्या बाजूच्या दाराशी पाळक थांबले. त्यांनी दाराकडे नीट निरखून पाहिलं.

“इथे कोण राहतं?”

“आपण,” बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

“आणि मग उभी का? उघड की.”

बाईंनी कडी काढली आणि दाराच्या दोन्ही फळ्या पार भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या.